महाराज आज आले तर?

यंदाच्या शिवजयंतीला भाषणे आटोपली, हारतुरे झाले आणि मुले पांगू लागली. तेवढ्यात नववीतील एक विद्यार्थी माझ्यापाशी येऊन म्हणाला, “सर, महाराज आज परत आले, तर आपल्या सरकारला काय म्हणतील?” प्रश्न भाबडा होता, तरी उत्तर चटकन सुचेना. ‘शाबासकी देतील’ म्हणावे तर ते खोटे वाटले, ‘संतापतील’ म्हणावे तर उथळ वाटले. ते राहिलेले उत्तर आज या अंकातून देत आहे.

विद्यार्थिमित्रहो, स्वराज्याच्या संस्थापकाने राज्यकारभार कशावरून जोखला असता, हे जाणण्यासाठी कल्पनेच्या भराऱ्या माराव्या लागत नाहीत. त्यांची पत्रेच ते सांगतात. इ. स. १६७६ मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला धाडलेले पत्र घ्या. प्रभावळी म्हणजे दक्षिण कोकणातील मुलूख. माझी मातृभाषा कोकणी असल्यामुळे या पत्राविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो, हे कबूल करतो. सुभेदाराने रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये, अशी त्यात ताकीद आहे. पण पत्राचा खरा गाभा पुढेच आहे. सुभेदाराने गावोगाव स्वतः फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्या अंगी कष्ट करण्याचे बळ आहे पण बैल नाहीत, बियाणे नाही, त्याला ते द्यावे. दिलेल्याची वसुली वाढीदिढी न लावता, त्याला शक्ती येईल तसतशी करावी. या कामी दोन लाख लारी खर्ची पडल्या तरी चालतील!

या पत्रातील क्रम लक्षात घ्या. आधी माणूस, मग त्याची अडचण आणि शेवटी हिशेब. शिवाय रयतेने सुभेदाराचे दार ठोठवायचे नसून सुभेदाराने रयतेच्या दारी जायचे आहे.

आता याच मापाने आपला काळ मोजून पाहू. तेलंगण शासनाने २०१८ साली ‘रैतु बंधू’ योजना सुरू केली. हंगामापूर्वी शेतकऱ्याच्या हाती पैसा पडावा, हा तिचा हेतू महाराजांना खचितच आपलासा वाटला असता. परंतु ती रक्कम जमिनीच्या एकरांवर ठरली आणि पट्टेदाराच्या नावे गेली. दुसऱ्याचे शेत कसणारा कौलदार तिच्याबाहेर राहिला. ज्याच्यापाशी केवळ दोन हात आहेत, त्याच्यापासून महाराजांचे पत्र आरंभ करते, तर आमची योजना पासबुकापासून आरंभ करते. त्यांच्या लेखी हा दोष लहान ठरला नसता.

सरकार गावात गेले म्हणजे सर्व साधले, असेही नव्हे. ते काय घेऊन जाते, यावर सारे अवलंबून असते. आपल्या आदिलाबादच्या डोंगरांत निजामाच्या राजवटीत सरकार पोहोचलेच होते. ते राखीव जंगलाच्या सीमा घेऊन आले आणि त्या सीमांत गोंड-कोलामांची पिढ्यान्पिढ्यांची शेते बेकायदा ठरली. त्यातूनच कोमराम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. त्यानंतर मात्र त्याच सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांमध्ये पाठवून कारणांचा शोध घेतला आणि पुढे पट्टे दिले. अलीकडे २०२३ मध्ये आसिफाबादेत पोडू जमिनींच्या पट्ट्यांचे वाटप सुरू झाले. दोहोंमध्ये ८३ वर्षांचे अंतर आहे. ज्याला रयतेची खबर घेण्यास इतका काळ लागतो, त्या कारभारास शाबासकी कशी मिळावी?

एक छोटा प्रसंग सांगतो. एका विद्यार्थ्याचे वडील एका कागदासाठी तीनदा कचेरीत जाऊन रिकाम्या हाताने परतले. अर्ज तेलुगूत होता, त्यांना मराठीवाचून दुसरी लिपी येत नव्हती आणि कोणी तो वाचून दाखवला नाही. चौथ्या खेपेस मुलगा शाळा बुडवून बरोबर गेला आणि काम पाव तासात झाले. कोणी लाच मागितली नव्हती, कोणी अपशब्दही उच्चारला नव्हता. भाजीचा देठ शाबूत होता, पण गरिबाच्या चार दिवसांची मजुरी बुडाली होती.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा. महाराजांच्या काळी रयतेचे भाग्य राजाच्या सद्बुद्धीवर विसंबून होते. आज मत आहे, ग्रामसभा आहे, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. महाराजांनी हे पाहून आनंदच मानला असता. मात्र लगेच दुसरा प्रश्न केला असता: “ही शस्त्रे हाती असता तुम्ही गप्प का?”

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे, की महाराज आले तर प्रथम राजधानीत जाणारच नाहीत. आपल्या पुतळ्याकडेही पाहणार नाहीत. कापसाच्या शेतात, कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या माणसापाशी जातील आणि विचारतील, “तुझी खबर घ्यायला कोणी आले होते का?” तुमच्यापैकी कोणी उद्या महसूल खात्यात जाईल, कोणी वनखात्यात, कोणी बँकेत. त्या ओट्यावरील माणसाने त्या दिवशी ‘होय’ म्हणावे, एवढी तजवीज तुम्ही करा. शिवजयंती त्या दिवशी खरी साजरी होईल.