सगळे बिंदू

गणित, पदार्थविज्ञान हे आपल्या पोरांचं काम नाही, असं वस्तीत अजूनही बोललं जातं. त्याचं एवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते चळवळीतले आपलेच शहाणे दोस्त तेच वेगळ्या शब्दांत बोलतात त्याचं. ते म्हणतात, लढाई रस्त्यावर आहे, पोट जळतंय, तिथं ही हवेतली शास्त्रं काय घेऊन बसलात? दोस्तहो, आम्हाला हे साफ नामंजूर आहे. जे ज्ञान सगळ्यात महाग, तेच 'आम्हाला नको' असं आपल्याच तोंडून वदवून घ्यायचं, हा व्यवस्थेचा जुना धंदा आहे. म्हणून या वेळी विद्यापीठातल्या सेमिनारबद्दल बोलायचंय.

सेमिनार म्हणजे काय? वर्गात मास्तर नोट्स सांगतो आणि पोरं उतरवून घेतात, तो सेमिनार नव्हे. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, एक खोली, एक फळा. कुणीतरी आपलं अर्धंकच्चं काम मांडतो. बाकीचे त्याला अडवतात, खोडतात, कधी पार फाडतात. प्रमेय छापून येण्याआधी इथं बोललं जातं. कुठला प्रश्न जिवंत, कुठला मेलेला, कोण कशाला भिडलाय, हे सगळं या खोलीत कळतं. जो खोलीत नाही त्याला तेच ज्ञान कित्येक वर्षांनी पाठ्यपुस्तकातून मिळतं. शिळ्या भाकरीसारखं. आणि शिळ्या भाकरीची चव आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता एक उदाहरण मॉस्कोचं. मुद्दाम तिथलं. कारण वर्ग संपला की सगळं संपतं असं आपल्याला सांगणारे त्याच शहराकडे बोट दाखवायचे.

मॉस्को विद्यापीठात इस्राएल गेलफांड या गणितज्ञानं १९४३ साली सेमिनार सुरू केला. दर सोमवारी संध्याकाळी. तो अमेरिकेला जाईपर्यंत, म्हणजे पंचेचाळीसेक वर्षं तो तिथं चालला. गणिताच्या एकूणएक शाखा आणि सैद्धांतिक पदार्थविज्ञानसुद्धा एकाच फळ्यावर. शाळकरी पोरापासून नामांकित प्रोफेसरापर्यंत कुणीही येऊन बसावं. आणि हा गेलफांड कोण? युक्रेनमधल्या ज्यू घरातला पोरगा. शाळासुद्धा पुरी झाली नव्हती. सोळाव्या वर्षी मॉस्कोत आला, मिळेल ते काम केलं, लेनिन ग्रंथालयात दारावर उभा राहिला आणि विद्यापीठातल्या सेमिनारांत जाऊन बसू लागला. १९३२ साली, बी.ए.-बी.एस्सी.सारखी कुठलीही पदवी नसताना, त्याला थेट संशोधक विद्यार्थी म्हणून घेतलं. मार्गदर्शक कोल्मोगोरोव्ह. म्हणजे सेमिनारचं दार उघडं असलं की दारवानही आत येऊन गणितज्ञ होतो.

पण त्याच विद्यापीठाची दुसरी बाजू बघा. १९७० आणि ८० च्या दशकांत गणित विभागाची प्रवेश परीक्षा जुलैत व्हायची. ज्यू पोरांना तोंडी परीक्षेत वेगळे प्रश्न काढून ठेवलेले असायचे. उत्तर दोन ओळींचं, पण सापडायला भल्याभल्यांचे दिवस जातील असे. या प्रश्नांना नावच पडलं होतं 'शवपेट्या'. पासपोर्टात राष्ट्रीयतेचा रकाना होता. रकान्यात रशियन लिहिलेलं असलं तरी आडनाव होतंच, बापाचं नाव होतंच. 'पूर्ण नाव काय तुमचं?' या सवालातलं विष आपल्याला ठाऊक आहे.

१९८४ साली एडवर्ड फ्रेंकेल हा सोळा वर्षांचा पोरगा त्या परीक्षेला बसला. बाप ज्यू. परीक्षकांनी त्याला चार तासांहून जास्त पिळला. वर्तुळाची व्याख्या विचारली. एका बिंदूपासून सारख्या अंतरावरचे बिंदू, असं तो म्हणाला. चूक ठरवलं! का, तर 'सगळे बिंदू' म्हणाला नाही. 'सगळे' हा शब्द राहिला म्हणून पोराला अडवणारे हे लोक सगळ्यांतून माणसं वगळायलाच तिथं बसले होते. दोस्तहो, 'मेरिट, मेरिट' म्हणून आपल्या तोंडावर जे फेकलं जातं ते कसं तयार होतं, ते इथं बघून घ्या.

फ्रेंकेल मग तेल आणि वायूच्या संस्थेत शिकला आणि विद्यापीठाचं कुंपण चढून गेलफांडच्या सेमिनारला जाऊन बसू लागला. एकविसाव्या वर्षी हार्वर्डनं त्याला पाहुणा प्राध्यापक म्हणून बोलावलं. आता कुणी म्हणेल, बघा, हुशारी कुणी अडवू शकत नाही. साफ खोटं. एक कुंपण चढला. जे त्या जुलैतच मान खाली घालून घरी गेले, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत?

त्यांच्यासाठी एक बाई उभी राहिली. बेला सुब्बोतोव्स्काया. स्वतः गणितज्ञ. तिचा १९६१ चा निबंध संगणकाच्या सिद्धांतात आजही वापरला जातो. १९७८ साली तिनं या नाकारलेल्या पोरांसाठी आपल्या घरातच गणिताचे वर्ग सुरू केले. फुक्स, झेलेविन्स्की असे गणितज्ञ येऊन शिकवायचे. ना फी, ना डिग्री. चहा-सँडविच बाईंच्या हातचं. घर पुरेना तेव्हा उसन्या खोल्या. १९८२ साली सेंदेरोव्ह आणि कानेव्हस्की या तिच्या दोघा साथीदारांना अटक झाली. बाईंचीही चौकशी झाली. त्याच सप्टेंबरात एका रात्री ट्रकनं तिला उडवलं. अनेकांना तो अपघात वाटला नाही. सिद्ध काही झालं नाही. पुढच्या वर्षी वर्ग बंद पडले. पण याच फुक्सनं पुढे फ्रेंकेलला संशोधनाचा पहिला प्रश्न दिला.

लाल झेंड्याखाली वर्ग संपल्याचं सांगितलं गेलं, जन्म काही संपला नव्हता. ही गोष्ट आपल्यातल्या पोथीनिष्ठांनी नीट ऐकावी. आणि सेमिनारचीही पूजा नको. गेलफांड वक्त्याला भर खोलीत वाट्टेल ते बोलायचा. कित्येकांचा पाणउतारा झाला. पण त्याची एक रीत घेण्यासारखी आहे. तो खोलीतल्या एखाद्या पोराला उठवून विचारायचा, काय कळलं ते सांग. पोराला कळलं नसेल तर वक्त्यानं पुन्हा सांगायचं. खोलीतल्या सगळ्यात नवख्याला कळेपर्यंत पुढं जायचं नाही, हा नियम झाला पाहिजे.

आपल्यालाही सेमिनार नवा नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि भारतातल्या जातींवर निबंध वाचला. ते बाबासाहेब होते. इथं ज्यांना पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, ते तिथं विद्वानांपुढे जातीची चिरफाड करत होते.

तेव्हा मागणी सरळ आहे. संशोधनाच्या राखीव जागा भरा, नुसत्या जाहिरातीत दाखवू नका. प्रत्येक विभागाच्या सेमिनारचा दिवस, वेळ, विषय बाहेरच्या फळ्यावर लावा. गेटवर आयकार्ड मागून पोरांना परत पाठवू नका. आणि पोरापोरींनो, तुम्ही जा. पहिल्या बाकावर बसा. पहिले सहा महिने काही कळणार नाही, बसून राहा. न कळलेलं मोठ्यानं विचारा. लाज वक्त्याला वाटू द्या. शनिवारी विहारात, समाजमंदिरात, वाचनालयात आपला फळा लावा. एम.एस्सी.च्या पोरीनं बारावीच्या पोराला शिकवावं आणि त्याला कळेपर्यंत पुढं जाऊ नये.

वर्तुळ सगळ्या बिंदूंचं असतं. एक जरी वगळला तरी ते वर्तुळ नव्हे. व्याख्या त्यांचीच आहे, आपण ती पाळायला लावू.

जय भीम!