मुंबई जवळ, बेंगळूर लांब

सांबरा विमानतळावरून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर, बेंगळूरचे सुमारे ४४०. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातले गेले, अंतर मात्र कुणाला बदलता आले नाही!

रेल्वे मिरज-पुण्याचा वळसा घेते, म्हणून मुंबई सहाशे किलोमीटरवर जाते आणि रात्र गाडीतच सरते. विमानाला लागतो तासभर. अर्थात अनगोळहून सारे शहर ओलांडून सांबरा गाठायचे, तिथे ताटकळायचे, पुढे मुंबईची रहदारी. हे सारे धरले तर चार तास म्हणावेत. तरीही आजारी माणसाला घेऊन निघालेल्या घराला हा फरक किती मोठा ते कळते. (निपाणीकरांना कोल्हापूरचे उजळाईवाडीच सोयीचे.)

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. नवे टर्मिनल २०१७ साली झाले. पण इमारतीने प्रवास होत नाही. सकाळी जाऊन, काम उरकून संध्याकाळी परतता येईल असे मुंबईचे विमान आम्हांला हवे, आणि ते बारमाही हवे. आमच्या घराघरांतले कुणी ना कुणी मुंबई-पुण्यात आहे, तेव्हा प्रवाशांची वानवा असल्याचे कारण कुणी पुढे करू नये. सभासदांनी या मागणीच्या निवेदनावर सह्या कराव्यात.