मोटार जळली? आधी मोजा की राव!

बोअरची थ्री फेज मोटार बंद पडली की निकाल ठरलेला: "जळली, वर काढा." म्हणजे लॉग न वाचताच सर्व्हर फॉरमॅट! अहो, २०० फूट पाइप उपसण्याआधी स्टार्टरपाशीच बरंच कळतं. क्लॅम्प मीटर लावा. एका फेजला करंट शून्य? फ्यूज, केबल तपासा. तिन्हींना जास्त? व्होल्टेज कमी असेल, नाहीतर पंप गाळाने जाम. करंट कमी आणि पाणीही नाही? पातळी खाली गेली असेल किंवा कपलिंग तुटलं असेल. मग सप्लाय बंद करून, केबल सोडवून मेगर लावा. रीडिंग शून्याजवळ आलं तर केबलचा जॉइंट किंवा वाइंडिंग गेलं. तेव्हा खुशाल वर काढा. खर्च शेतकऱ्याचा आहे, तेव्हा "आधी रीडिंग दाखव" हे त्यानेच ठणकावून सांगायला हवं.