आधी पाणी, मग पावती

आमचं करजगी आणि दत्ताचं गाणगापूर, दोन्ही कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यातलीच. त्यामुळे गाणगापुरात येणाऱ्या पैशाची मोजदाद आमच्याकडे चहाच्या टपरीवरही चालते. पौर्णिमेला सोलापूर, लातूर, पुणे, मुंबईकडच्या गाड्यांची रांग बघून कुणीतरी म्हणतंच, या लोकांवर कर बसवायला पाहिजे. त्यावर सगळ्यांचं एकमत. भांडण लागतं ते पुढे, पैसा आल्यावर. एकाला रस्ता हवा, दुसऱ्याला हायमास्ट दिवे, तिसऱ्याला वेशीवर स्वागतकमान.

कमानवाल्यांना मी एवढंच सांगतो, कायदा वाचा. कर्नाटकच्या 1993 च्या पंचायत राज कायद्यात कलम 199 खाली जात्रेला, उत्सवाला येणाऱ्यांकडून यात्रा शुल्क घ्यायची मुभा ग्रामपंचायतीला आहे. पण तिला अट आहे. पाणी, आरोग्य आणि स्वच्छता यांची व्यवस्था पंचायतीने केलेली असेल, तरच शुल्क घ्यायचं. म्हणजे सोय आधी, पावती नंतर. पैसा कुठे जावा याचं निम्मं उत्तर त्या अटीतच आहे, आणि त्यात कमान कुठेच बसत नाही.

गाणगापूरच्या यात्रेची रीत पाहिली की ही अट किती नेमकी आहे ते कळतं. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, मग निर्गुण पादुकांचं दर्शन, दुपारी माधुकरी. कुणी गुरुचरित्राच्या पारायणासाठी सात दिवस राहतो, कुणी सेवेसाठी महिनोन्‌महिने. दत्तजयंतीला तर पाय ठेवायला जागा नसते. या प्रत्येक माणसाला पाणी लागतं, शौचालय लागतं, आणि त्याच्या मागे पत्रावळी, निर्माल्य, ओले कपडे उरतात. ते नदीत गेलं की खालच्या गावांपर्यंत पोचतं. त्या गावांना यात्रेचा एक रुपया मिळत नाही.

आता पैसा जातो कुठे ते बघा. हुंडीतला पैसा देवस्थानचा, आणि देवस्थान राज्याच्या मुजराई, म्हणजे धर्मादाय खात्याकडे, 1997 च्या धर्मादाय कायद्याखाली. मोठ्या मंदिरांच्या उत्पन्नातला वाटा राज्याच्या सामायिक निधीत किती जावा, यावर फेब्रुवारी 2024 मध्ये बेंगळुरूत मोठं रण माजलं. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक विधान परिषदेत पडलं, मग विधानसभेने पुन्हा मंजूर केलं. मंदिराचा पैसा लहान मंदिरांना द्यावा की देऊ नये, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. मंदिराभोवतीच्या गावाचं काय, हा प्रश्न मला त्या गदारोळात ऐकू आला नाही. लॉजच्या बिलावरचा कर पूर्वी राज्याचा चैनकर होता, 2017 पासून तो जीएसटीत विरघळला. तो बेंगळुरू आणि दिल्लीत वाटला जातो. झाडू हातात असलेल्या पंचायतीकडे उरते ती घरपट्टी आणि दुकानांचे परवाने.

बाहेरची गावं आपापल्या परीने वाट काढताहेत. माथेरानची नगरपरिषद दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर घेते. गोव्यात कळंगुटच्या पंचायतीने 2024 मध्ये हॉटेलचं बुकिंग नसलेल्या पर्यटकांवर कर लावायचा विचार मांडला. इटलीतल्या व्हेनिसने त्याच वर्षी ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. मुक्कामाला राहणाऱ्याला त्यातून सूट, कारण तो हॉटेलमार्फत वेगळा कर देतोच.

देवाच्या दारात पैसे मागायचे का, असं विचारणारेही आहेत, आणि ते चूक नाहीत. व्याधी घेऊन आलेल्या, माधुकरीवर दिवस काढणाऱ्या माणसाकडे पावतीपुस्तक नेणं मला तरी पटणार नाही. म्हणून पायी येणारा, एसटीने येणारा, सेवेला राहिलेला यांना पूर्ण माफी असावी. स्वतःच्या मोटारीतून येऊन दुपारी परतणाऱ्याला वीस-तीस रुपये जड नाहीत. पुण्याच्या रस्त्यावरच्या टोलला तो त्याहून जास्त मोजून आलेला असतो.

जमा होईल तो पैसा पंचायतीच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू देऊ नये. एकदा मिसळला की शौचालयाचा रुपया कधी कमानीला लागला ते अध्यक्षांनाही सांगता येत नाही. वेगळं खातं, त्यातला पहिला हक्क नळाचा, शौचालयाचा आणि संगमाच्या घाटाचा, आणि काही भाग नदीकाठच्या खालच्या गावांना. जमाखर्चाचा फलक कन्नडमध्ये हवा तसा मराठीतही हवा, कारण पैसे देणारा बहुतेक मराठी वाचणारा आहे.

आणि एक ठराव ग्रामसभेने करावा. मागच्या वर्षीचा हिशेब सभेत वाचून झाल्याशिवाय यंदाचं पावतीपुस्तक उघडायचं नाही. कमानीचं मग बघू.