भिंत कुणाची?



आमच्या भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि त्यात भिंतीला खिळा ठोकायचा नाही असं एक कलम आहे. म्हणून सात वर्षांच्या लेकीची चित्रं आम्ही स्वयंपाकघरात दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, बाजूला नारळाचं झाड. आपण सगळ्यांनी शाळेत हेच काढलं आणि आपल्या मुलीही तेच काढतात, त्यांनी नारळाचं झाड पाहिलेलं असो की नसो. परवा सासरे आले, दोरीकडे बघून हसत म्हणाले, "घर आहे की बालवाडी?" बाहेरच्या खोलीत मालकांनीच ठोकून ठेवलेल्या एकुलत्या एका खिळ्यावर माझ्या नवऱ्याचा पदवीदान समारंभातला फोटो आहे. माझी एम.एस.डब्ल्यू.ची पदवी कपाटात, फायलीत आहे. ती तिथे कुणी ठेवली? मीच. कुणी सांगितलंही नव्हतं.

पण आज लिहायचं आहे ते आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

आमच्या सल्ला केंद्रात बाई बोलायला बसली की तिच्या मुलांना आम्ही कागद आणि खडू देतो. हेतू साधा, मुलं गुंतावीत, आईला मोकळेपणी बोलता यावं. चित्रं साठत गेली. दोन वर्षांपूर्वी 8 मार्चच्या कार्यक्रमाला कुणीतरी सुचवलं की यांचं प्रदर्शन करू. मीही उचलून धरलं. मुलांची नावं पट्टी चिकटवून झाकली, वर हिंसाचाराबद्दलचा मोठा फलक लावला. त्यात नऊ वर्षांच्या एका मुलीचं चित्र होतं. एका माणसाचा हात खोलीभर लांब, आई जमिनीवर, अगदी छोटी, आणि कॉटखाली दोन डोळे. लोक त्या चित्रापाशी थांबत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. आम्हाला समाधान वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

मुलगी आईबरोबर आली होती. तिनं सरळ जाऊन चित्र काढलं, चार घड्या घातल्या आणि मला म्हणाली, "ताई, हे घरचं होतं." तिच्या आईचा चेहरा उतरला होता. नाव झाकलं होतं, पण दारातलं निळं पिंप आणि पत्र्यावर ठेवलेला टायर वस्तीतल्या दोघी-तिघींनी ओळखला होता. "ह्यांच्या कानावर गेलं तर?" एवढंच ती म्हणाली. पुढचे काही दिवस आम्ही पाळीपाळीनं तिला फोन करत होतो. काही झालं नाही. आमच्या हुशारीमुळे झालं नाही असं नव्हे.

बाईची हकीकत तिला विचारल्याशिवाय छापायची नाही, हा आपल्या चळवळीतला जुना दंडक. मुलांच्या बाबतीत तो आठवला नाही, कारण चित्र म्हणजे गंमत, ते कुणाचंही, असं आपण धरून चालतो. बालहक्क संहिता संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली स्वीकारली, भारत 1992 साली तिच्यात सामील झाला. मुलांना आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे आणि कला हे त्याचं एक माध्यम आहे, हे तिच्या तेराव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. आम्ही प्रशिक्षणांत हे कलम शिकवतो. मांडण्याच्या हक्कात न मांडण्याचा हक्कही येतो, हे मात्र एका चौथीतल्या मुलीनं शिकवलं.

नंतर गृहभेटीला गेले. खोली एकच. भिंतीवर देवाची तसबीर, दिनदर्शिका, मोठ्या भावाची कबड्डीची पदकं. हिची चित्रं? आईनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि झाकण उघडलं. आतून, झाकणाला, खळीनं चिकटवलेली पाच-सहा चित्रं. "भिंतीला लावली की फाडतो. पेटी तो उघडत नाही." 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या सतराव्या कलमानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मालकी कुणाचीही असो. हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं आहे. पेटी बघितल्यावर तिसऱ्यांदा सांगावंसं वाटलं नाही.

बाईचा आणि भिंतीचा संबंध असा तुटलेलाच होता असंही नाही. वारली घरांत लग्नाचा चौक सवासिणी काढत आल्या, गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, धवलेरीच्या गाण्यांच्या साथीनं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडे कागद नेला आणि ही चित्रं जगापुढे आली. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण भिंतीवरून कागदावर येताना चित्राला किंमत आली, सही आली, आणि नावारूपाला आले ते बहुतेक पुरुष. काढत होत्या त्या सवासिणींची नावं कुणाला ठाऊक? (आमच्या नावाच्या पट्ट्या आठवून हे लिहिताना थोडं अवघडायला होतं.)

केंद्रात आता मुलांच्या उंचीला येईल अशी एक दोरी बांधली आहे. लावायचं की घरी न्यायचं की फाडायचं, हे ज्यानं काढलं तो ठरवतो. मारहाणीचं चित्र लावायचं असं मुलानं म्हटलं तरी आम्ही ते दोरीवर लावत नाही, त्याच्याशी बोलून फायलीत ठेवतो. यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काहीजणी म्हणतात, ही पुन्हा झाकपाकच झाली. त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. तुमच्या गटांत काय करता, जरूर कळवा.

या अंकाच्या मुखपृष्ठासाठी त्या मुलीला चित्र मागितलं होतं, कोणतंही, तिच्या आवडीचं. तिनं दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. म्हणून यावेळी मुखपृष्ठावर नुसतं अंकाचं नाव आहे.