चव्हाट्यावरची तपासणी

नाशकात कुणाच्या घरात काय शिजतंय हे शेजाऱ्याला कळायला वेळ लागत नाही, आणि कुणाच्या रक्तात काय निघालं हे कळायला तर त्याहून कमी. शहर वाढलं, गंगापूर रोडला काचेच्या लॅब उभ्या राहिल्या, रिपोर्ट मोबाइलवर यायला लागले. पण लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांची तपासणी करायला गेलेला माणूस अजून आरोपीच. म्हणून इथली शहाणी माणसं रजा टाकतात, पंचवटी एक्सप्रेस पकडतात आणि जिथं कुणी ओळखत नाही अशा मुंबईत जाऊन रक्त देऊन येतात. ज्यांना रजाही परवडत नाही आणि तिकीटही, ते तपासणीच करत नाहीत.

सोय नाही म्हणावं, तर तसंही नाही. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, एचआयव्हीसाठी आयसीटीसी हे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र असतं. समुपदेशक असतात, तपासणी फुकट, औषध फुकट. कोणत्या लक्षणाला कोणतं औषध यात घोळ होऊ नये म्हणून गोळ्यांचे सात संच सात रंगांत बांधून दिलेत. १०९७ हा मदतीचा मोफत नंबर आहे. सिफिलिस लवकर सापडला तर पेनिसिलिनच्या एका मात्रेत बरा होतो. राज्यातले बहुतेक डॉक्टर ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात, ते १९९८ पासून आपल्याच गावात, दिंडोरी रोडला आहे. ज्ञान आहे, औषध आहे, पैसाही आहे. नाही ते फक्त लावलेलं दार.

मी स्वतः एका चकचकीत खासगी लॅबच्या काउंटरवर उभा होतो. डॉक्टरांची चिठ्ठी पुढं सरकवली. पलीकडच्या पोरानं ती वाचली आणि मागं वळून हाक मारली, “मॅडम, व्हीडीआरएल आणि एचआयव्हीला उपाशीपोटी लागतं का हो?” व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची चाचणी, हे ठाऊक असल्यासारख्या बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. एका काकांनी तर नीट ऐकू यावं म्हणून पेपर मांडीवर ठेवला. मग माझं नाव, वय, पत्ता, सगळं खणखणीत आवाजात. शेवटी, “रिपोर्ट घरच्या नंबरवर टाकू ना?” माझ्या डोक्यावर, भिंतीला, गुणवत्तेची प्रमाणपत्रं फ्रेममध्ये लटकत होती.

याउलट सरकारी आयसीटीसीची खोली पाहा. भिंतीचा रंग उडालेला, पंखा कुरकुरणारा. पण नियम काय सांगतो? आधी समजावून सांगा, संमती घ्या, मग रक्त घ्या, आणि निकाल ज्याचा त्याच्याच हातात द्या. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तो संमतीशिवाय चाचणी करू देत नाही आणि निकाल गावभर करू देत नाही. दवाखान्यातून जोडीदाराला सांगायचं तर तेही फक्त डॉक्टरनं किंवा समुपदेशकानं. आणि कळवल्यामुळे मार खावा लागेल किंवा घराबाहेर काढतील अशी बाईला धास्ती असेल, तर तिच्यावर नवऱ्याला सांगण्याची सक्ती नाही. इतकं शहाणपण आपल्या कायद्यात क्वचित सापडतं. काउंटरवरच्या पोराला मात्र हे कुणी शिकवलेलं नाही.

शिवाय हा कायदा एचआयव्हीपुरता. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया झालेल्या माणसाच्या वाट्याला असा स्वतंत्र कायदा नाही. वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नीतिनियम डॉक्टरच्या तोंडाला कुलूप लावतात, ते बरंच आहे. पण डॉक्टर आत असतो. बाहेर असतात रिसेप्शनिस्ट, वॉर्डबॉय, सॅम्पल नेणारा आणि बिल फाडणारा. तोंडं उघडी आहेत ती यांची.

आता या उघड्या तोंडांचा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बऱ्या होऊ शकणाऱ्या लैंगिक आजारांची जगात रोज दहा लाखांहून अधिक नवी लागण होते, आणि बहुतेकांना काही लक्षणच दिसत नाही. म्हणजे ज्याला काहीही होत नाहीये, त्यानंही आपणहून तपासून घ्यायला हवं. आणि ज्याला काही होत नाहीये, तोच काउंटरवरची पहिली हाक ऐकून उलट्या पावली परत जाणार! दुखणं असलेला निदान दुखण्यापायी थांबेल.

बायकांचं तर विचारूच नका. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. ते जंगलातलं गडचिरोली, आम्ही कॉलेज रोडवाले, असं म्हणून हसू नका. आपल्या डॉक्टरीणबाई आजही पहिला प्रश्न काय विचारतात? “लग्न झालंय का?” नाही म्हटलं की तपासणीचा विषय संपला आणि प्रवचन सुरू. जंतू काय लग्नपत्रिका बघून शरीरात शिरतो?

मग माणसं जातात कुठं? मेडिकलवाल्याकडे. “मित्रासाठी हवंय” म्हणत अर्धवट गोळ्या घेतात. लक्षण दबतं, आजार राहतो, आणि जंतू त्या औषधाला सरावतो. नाहीतर बसस्टँडच्या मुतारीतल्या पोस्टरवरचा ‘हमखास इलाज’ आहेच. अशा आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा पुस्तकात, पोस्टर भिंतीवर. तरी लोक तिथं जातात, कारण तो भोंदू लुटतो, पण दार लावून लुटतो.

इथं संस्कृतिरक्षक उठून म्हणतील, एवढी गुप्तता दिली तर स्वैराचार बोकाळेल, थोडी लाज हवीच. लाजेनं रोग बरा होतो, याचा एक तरी दाखला आणा. इंग्रजांनी १८६८ चा कायदा करून वेश्यांची नोंद ठेवली, त्यांना जबरदस्तीनं तपासलं, आणि गोऱ्या शिपायांना मोकळं सोडलं. वीस वर्षांनी तो कायदा त्यांनाच गुंडाळावा लागला. गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांनी रक्तदान केलं, रक्तात एचआयव्ही सापडला, आणि १९८९ मध्ये त्यांना म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबलं. त्यानं साथ थांबली? नाही. लोक रक्त तपासायला घाबरले असतील, एवढंच.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे स्वच्छ मराठीत लिहिलं. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दंड झालाच. त्याच काळात नाशकात बाबासाहेबांचा काळाराम मंदिराचा लढा चालू होता. आपली रीतच ही: जी दारं उघडायची ती बंद ठेवायची, आणि जी लावायची ती सताड उघडी टाकायची.

सिंहस्थासाठी या शहरात रस्ते रुंद होतील, घाट चकाचक होतील. मी फार काही मागत नाही. काउंटरवर आजाराचं किंवा चाचणीचं नाव उच्चारायचं नाही, नंबरानं बोलवायचं. रिपोर्ट कुठल्या फोनवर जाणार हे ज्याचं त्याला विचारून लिहायचं. लॅबला परवाना देताना बंद खोली आहे का ते बघायचं, आणि बिल फाडणाऱ्यापासून सगळ्यांकडून गोपनीयतेची सही घ्यायची. महापालिकेनं मनात आणलं तर यातलं निम्मं काम एका परिपत्रकात होईल.

आणि वाचकहो, तुम्ही परिपत्रकाची वाट बघत बसू नका. १०९७ ला फोन करा, जवळचं केंद्र विचारा, जाऊन तपासून घ्या. कुणी तुमची चिठ्ठी मोठ्यानं वाचली तर खाली मान घालून उभे राहू नका. तिथल्या तिथे लेखी तक्रार द्या. लाज वाटायला हवी ती वाचणाऱ्याला, तुम्हाला नव्हे.