दग्धव्रणातील मध : अभिमान आणि जबाबदारी

दग्धव्रणावरील मधाचा विषय निघाला की आपल्या सभांतून सुश्रुताचार्यांचे स्मरण होते. सोलापूरचे मात्र क्वचितच होते. वास्तविक येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांचा अभ्यास १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध झाला. १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना मधाचे व निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिनचे ड्रेसिंग केले गेले. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के व्रण निर्जंतुक झाले, दुसऱ्या गटातील केवळ ७ टक्के.

या आकड्यांचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु पुढचे वाचल्याशिवाय तो व्यर्थ आहे. याच शल्यचिकित्सकांनी १९९९ साली दाखवून दिले की, मध्यम प्रमाणातील दग्धात मधापेक्षा मृत त्वचा लवकर छेदून त्वचारोपण करणे श्रेयस्कर. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, अंशतः खोल दग्धव्रण मधाने इतर रूढ ड्रेसिंगपेक्षा सुमारे चार ते पाच दिवस आधी भरतात. सिल्व्हर सल्फाडायझिनशी केलेल्या तुलनेचा पुरावा मात्र अत्यंत दुर्बल आहे.

दुसरा प्रश्न, मध कोणता? मधातील अल्प जलांश, आम्लता आणि विकरापासून तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे जंतूंची वाढ रोखली जाते. उष्णतेने हे विकर नष्ट होते; मध तापवू नये ही आपली शिकवण येथेही सार्थ ठरते. पण न तापविलेल्या मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात. म्हणून व्रणासाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलाच मध हवा. खाण्याच्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ होते, हे २०२० साली विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने उघड केलेच आहे.

औषधालयचालकांना आमची विनंती आहे की, खाण्याची बाटली ‘भाजल्यावर लावा’ म्हणून देऊ नये. व्रणोपचाराचा निर्जंतुक मध वेगळा ठेवावा. वैद्यांनी प्रथम वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याचा आग्रह धरावा, आणि लहान, उथळ व्रणच आपल्याकडे ठेवावा. दहा टक्क्यांहून अधिक, खोल, किंवा चेहरा, हात, गुह्यांग यांवरील दग्ध असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. रुग्ण वेळेत पाठविणे हा आयुर्वेदाचा पराभव नव्हे. विलंबाने होणारा जंतुसंसर्ग हाच खरा पराभव होय.